शाळेची सनद : चार्टर शाळांचे फायदे आणि तोटे



तहसील कचेरीत किंवा पंचायत समितीत गेलं की भिंतीवर एक मोठा फलक दिसतो. वर लिहिलेलं असतं, 'नागरिकांची सनद'. कोणता दाखला किती दिवसांत मिळेल, तो कोण देईल, नाही मिळाला तर दाद कुणाकडे मागायची, हे त्यावर असतं. सनद म्हणजे लेखी वचन. आज आपण अशाच एका सनदेविषयी बोलणार आहोत. ही सनद शाळेची आहे आणि ती अमेरिकेतली आहे. तिथे सनदेला 'चार्टर' म्हणतात, म्हणून या शाळांचं नाव 'चार्टर शाळा'.

अमेरिकेतल्या शाळांशी आपल्याला काय करायचंय, असं कुणी म्हणेल. पण गटाच्या मासिक बैठकीत बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले की हल्ली बोलणं शाळेवर येतं. "आपली जिल्हा परिषदेची शाळा एखाद्या संस्थेला चालवायला दिली तर सुधारेल का?" हा प्रश्न आम्ही एकाहून अधिक गावांत ऐकला आहे. कुणी म्हणतं, देऊन टाका, निदान नीट शिकवतील तरी. कुणी म्हणतं, एकदा हातातून गेली की गेली. आवाज चढतात आणि बैठक संपते. अमेरिकेत हा प्रयोग ३० वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि त्याचा जमाखर्चही तिथल्या लोकांनी मांडला आहे. दुसऱ्याच्या शेतातला अनुभव फुकट मिळत असेल तर तो घ्यावा.

चार्टर शाळा म्हणजे काय?

ही शाळा सरकारी पैशावर चालते. मुलांकडून फी घेत नाही. पण ती सरकारचं शिक्षण खातं चालवत नाही. शिक्षकांचा एखादा गट, एखादी संस्था, काही राज्यांत तर कंपनीसुद्धा ती चालवते. शाळा सुरू करण्याआधी मंजुरी देणाऱ्या यंत्रणेशी ठरावीक वर्षांचा करार होतो. मुलं काय शिकतील, पैसा कसा खर्च होईल, कारभार कोण बघेल, हे त्यात लिहिलेलं असतं. हीच सनद. बदल्यात शाळेला मोकळीक मिळते. शाळेची वेळ किती, शिक्षक कोण नेमायचे, शिकवायचं कसं, हे ती स्वतः ठरवते. मुदत संपली की तपासणी होते. वचन पाळलं असेल तर सनद वाढवून मिळते, नाहीतर काढून घेतली जाते आणि शाळा बंद होते.

बचत गटाच्या बायकांना ही रीत नवी वाटायला नको. शाळेतला पोषण आहार शिजवायचं काम गटाला मिळतं तेव्हा करारनामाच होतो. तांदूळ सरकारचा, हात आपले. नोंदवही ठेवावी लागते, तपासणी होते, काम बिघडलं तर करार रद्द होतो. चार्टर शाळेत आहाराच्या जागी अख्खी शाळाच अशा करारावर दिलेली असते.

ही कल्पना आली कुठून?

कल्पना मांडली रे बडी नावाच्या एका प्राध्यापकाने. शिक्षकांच्या गटाला वरिष्ठांच्या परवानग्यांच्या जाचातून सोडवावं, त्यांना काही वर्षांची सनद देऊन नवीन पद्धती करून बघू द्याव्यात, असा त्याचा विचार होता. १९८८ मध्ये अल्बर्ट शँकर यांनी ती उचलून धरली. शँकर हे शिक्षकांच्या एका मोठ्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष, म्हणजे कल्पनेला बळ मिळालं ते शिक्षकांच्या बाजूने. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये तिथल्या सेंट पॉल शहरात पहिली चार्टर शाळा उघडली. पुढे काही वर्षांतच नफा कमावणाऱ्या कंपन्या यात उतरू लागल्या आणि शँकर यांनीच त्यावर कडक टीका सुरू केली. आज ४० हून अधिक राज्यांत असे कायदे आहेत, सुमारे ३७ लाख मुलं या शाळांत शिकतात. सरकारी पैशावर शिकणाऱ्या दर १०० मुलांमागे ही साधारण सात मुलं झाली.

फायद्याची बाजू

पहिला फायदा गरीब पालकांच्या बाजूचा आहे. अमेरिकेत मूल कुठल्या सरकारी शाळेत जाणार हे बहुतेक ठिकाणी घराच्या पत्त्यावर ठरतं. शाळांचा बराच पैसा तिथल्या घरपट्टीसारख्या करातून येतो. श्रीमंत वस्तीची शाळा चांगली, गरीब वस्तीची खंगलेली. पैसेवाला चांगल्या शाळेजवळ घर घेतो किंवा खासगी शाळेची फी भरतो. ज्याला दोन्ही परवडत नाही त्याच्यासाठी चार्टर शाळा हा तिसरा रस्ता झाला, तोही फी न भरता.

दुसरा फायदा मोकळिकीचा. १९९४ मध्ये ह्यूस्टन शहरात दोन तरुण शिक्षकांनी 'किप' नावाचा उपक्रम सुरू केला. गरीब वस्तीतल्या मुलांसाठी शाळेचा दिवस लांबवला, घरचा अभ्यास पक्का केला, पालकांकडून लेखी कबुली घेतली. पुढे त्याच्या शाळा देशभर पसरल्या. वरून परिपत्रक येण्याची वाट बघावी लागली असती तर हे इतक्या लवकर झालं नसतं.

तिसरा फायदा जबाबदारीचा. निदान कागदावर तरी, जी शाळा शिकवत नाही ती बंद होऊ शकते.

चौथी गोष्ट निकालांची, आणि ती जरा समजून घ्यायला हवी. चार्टर शाळेतली मुलं पुढे दिसली तर लोक म्हणतात, जागरूक आईबापच तिथे अर्ज करतात, मग मुलं पुढे जाणारच, त्यात शाळेचं काय? शंका रास्त आहे. पण या शाळांत जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढावी लागते. शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांसाठी आपल्याकडे निघते, तशीच ही सोडत. चिठ्ठी निघालेली आणि न निघालेली, दोन्ही मुलं जागरूक घरांतलीच. फरक फक्त नशिबाचा. अभ्यासकांनी बोस्टन शहरात अशा मुलांची तुलना केली, तेव्हा चार्टर शाळेत जागा मिळालेली मुलं गणित आणि भाषा या दोन्हींत बरीच पुढे गेलेली दिसली. तिथल्या गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांना हा लाभ झाला. याला आम्ही भक्कम पुरावा मानतो.

तोट्याची बाजू

पहिला तोटा मागे राहिलेल्या शाळेचा. पैसा मुलामागोमाग जातो. मूल चार्टर शाळेत गेलं की त्याच्या वाटचा पैसाही बराचसा तिकडे जातो. आपल्या पोषण आहाराच्या चुलीचं उदाहरण घ्या. १०० मुलांपैकी १० मुलं दुसऱ्या शाळेत गेली, तर १० मुलांचे पैसे कमी होतात. पण चूल तीच, स्वयंपाकीण तीच, फेरीही तेवढीच. जुन्या शाळेचं असंच होतं. प्रत्येक वर्गातून दोन-तीन मुलं गेली म्हणून एक शिक्षक कमी करता येत नाही, वर्गाचं छप्पर अर्धं दुरुस्त करता येत नाही. उरलेल्या मुलांच्या वाट्याला कमी येतं, आणि उरतात ती बहुधा ज्यांच्यासाठी धावपळ करायला घरी कुणी नाही अशी मुलं. २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात चार्टर शाळा वाढवायच्या का, यावर मतदान झालं. बोस्टन शहर याच राज्यातलं. निकाल इतके चांगले असूनही सुमारे ६२ टक्के मतदारांनी 'नको' म्हटलं. आपल्या शाळेचा पैसा जाईल, ही भीती त्यामागचं एक मोठं कारण होतं.

दुसरा तोटा मुलं गाळण्याचा. सोडत निघते म्हणून दार सगळ्यांना उघडं आहे असं वाटतं. पण आत गेल्यावर काय होतं? शिस्त इतकी कडक की आई रोज शाळेत बोलावली जाते आणि शेवटी कंटाळून मूल काढून घेते. २०१५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका नावाजलेल्या साखळीच्या एका शाळेत १६ मुलांची 'यांना जायलाच हवं' अशी यादी केल्याचं वृत्तपत्रात आलं. ती चूक होती, हे संस्थेनेही मान्य केलं. काही शाळा वर्षाच्या मधे रिकामी झालेली जागा भरत नाहीत. दिव्यांग मुलांचंही तसंच. अमेरिकी संसदेसाठी हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाने २०१२ मध्ये सांगितलं, की नेहमीच्या सरकारी शाळांत दर १०० मुलांत सुमारे ११ मुलं दिव्यांग होती, तर चार्टर शाळांत सुमारे आठ.

तिसरा तोटा पैशाच्या गैरव्यवहाराचा. ओहायो राज्यात घरबसल्या संगणकावर शिकवणारी एक मोठी चार्टर शाळा २००० साली सुरू झाली. 'इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो' असं तिचं नाव. पट दाखवला तितके पैसे मिळत. पुढे राज्याने एका वर्षाची हजेरी तपासली. शाळेने सुमारे १५,३०० मुलांचे पैसे घेतले होते, त्यांपैकी सुमारे ६,३०० मुलांच्याच शिकण्याचा पुरावा मिळाला. सुमारे सहा कोटी डॉलर परत करा असा आदेश झाला. जानेवारी २०१८ मध्ये, वर्ष अर्ध्यावर असताना शाळा बंद पडली आणि सुमारे १२,००० मुलांना नवी शाळा शोधावी लागली. मैत्रिणींनो, हजेरीवही आणि पासबुक एकमेकांशी जुळवून बघायला आपण गटात पहिल्या महिन्यापासून शिकवतो. तिथे ते बघायला १५ वर्षांहून अधिक काळ गेला.

चौथा तोटा शिक्षकांचा. बहुतेक चार्टर शाळांत संघटना नसते आणि नोकरी वर्षावर्षाच्या करारावर असते. तरुण शिक्षक येतात, दमतात, निघून जातात. दर वर्षी नव्या बाई आल्या तर लहान मुलांना काय वाटतं, ते आईलाच कळतं.

मग सरासरी काय सांगते?

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या 'क्रेडो' या अभ्यासगटाने यावर तीन मोठे अभ्यास केले. २००९ च्या अभ्यासात गणितात फक्त १७ टक्के चार्टर शाळा नेहमीच्या शाळांपेक्षा सरस निघाल्या, ३७ टक्के मागे पडल्या, उरलेल्यांत फरक दिसला नाही. २०१३ मध्ये चित्र थोडं सुधारलं. २०२३ च्या अभ्यासात चार्टर शाळांतली मुलं सरासरीने वर्षाला वाचनात १६ दिवस आणि गणितात सहा दिवस जास्त शिकल्याइतकी पुढे होती. पण संगणकावरच चालणाऱ्या शाळांतली मुलं त्याच अभ्यासात वाचनात ५८ दिवस आणि गणितात १२४ दिवस मागे पडलेली दिसली. म्हणजे 'चार्टर' ही पाटी बघून शाळा चांगली की वाईट हे सांगता येत नाही. सनद देणारा किती कसून बघतो, यावर बरंच अवलंबून आहे.

न्यू ऑर्लीन्सची गोष्ट

एका शहराने जवळजवळ सगळ्याच शाळा अशा पद्धतीने चालवून पाहिल्या. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लीन्स शहर बुडवलं. त्यानंतर राज्य सरकारने बहुतेक शाळा ताब्यात घेतल्या आणि हळूहळू चार्टर संस्थांना दिल्या. सात हजारांहून अधिक शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं. त्यांत कृष्णवर्णीय शिक्षिका मोठ्या संख्येने होत्या, ज्यांच्या पगारावर त्या शहरातली कितीतरी घरं उभी होती.

तिथल्याच टुलेन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी पुढे तपासलं, तेव्हा मुलांचे गुण आणि शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण बरंच वाढलेलं दिसलं. ढिल्या शाळा खरोखर बंद केल्या गेल्या, त्याचा त्यात मोठा वाटा होता. पण जवळची शाळा ही गोष्ट संपली, मुलं पहाटे बसमध्ये बसून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागली. दिव्यांग मुलांना शाळा दाद देत नाहीत म्हणून २०१० मध्ये पालकांच्या बाजूने न्यायालयात दावा झाला. त्यानंतर काही नियम बदलले, हकालपट्टीचा निर्णय एका शाळेच्या हातात न ठेवता सगळ्या शहरासाठी एक पद्धत केली. आणि २०२४ मध्ये त्या शहराने बऱ्याच वर्षांनी स्वतः चालवायची एक शाळा पुन्हा उघडली. आम्हाला यातून एवढं दिसतं, की शाळा दुसऱ्याच्या हाती दिली तरी नियम करणारा, तक्रार ऐकणारा आणि गरज पडली तर स्वतः शाळा चालवू शकणारा कुणीतरी सरकारात लागतोच.

आपल्याकडे काय आहे?

चार्टर शाळेचा कायदा महाराष्ट्रात नाही. पण तिची लांबची-जवळची भावंडं आहेत आणि बैठकीत त्यांची सरमिसळ होते. अनुदानित शाळेत संस्था कारभार बघते आणि शिक्षकांचा पगार सरकार देतं. रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी खेड्यापाड्यांत शिक्षण नेलं ते याच वाटेने. पण तिथे ठरावीक वर्षांनी संपणारी सनद नसते. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने दत्तक शाळा योजना आणली. त्यात कंपनी किंवा देणगीदार पाच किंवा दहा वर्षांसाठी सरकारी शाळेला वस्तू आणि सेवा पुरवतो. ती शाळा चालवायला देणं नव्हे. चार्टरच्या सगळ्यांत जवळ येतात त्या महापालिकांच्या भागीदारीतल्या शाळा. मुंबई महापालिकेने २०१३ मध्ये असं धोरण मंजूर केलं. आकांक्षा फाउंडेशनसारखी संस्था मुंबई, पुणे अशा महापालिकांबरोबर करार करून शाळा चालवते. तेव्हा कुणी 'शाळा दिली' म्हटलं, तर आधी विचारा, यांपैकी नेमकं काय?

आणखी एक फरक आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत चार्टर शाळा मुख्यतः शहरांत आहेत. एक बंद झाली तर तासाभरात दुसरी गाठता येते. म्हणून 'सनद काढून घेऊ' या शब्दाला तिथे वजन आहे. आपल्या वाडीवर शाळा एकच. ती संस्थेला दिली आणि संस्थेने नीट चालवली नाही, तर बंद कुणाला करणार? मुलांना, विशेषतः मुलींना, ओढा ओलांडून दुसऱ्या गावी कोण पाठवणार? जिथे दुसरी शाळाच नाही तिथे ही धमकी पोकळ ठरते आणि चार्टर पद्धतीचा मुख्य फायदाच निघून जातो. शहरात जिथे दोन-चार शाळा जवळ आहेत, तिथे चांगल्या संस्थेबरोबर करार करून बघायला आमची हरकत नाही. एका शाळेच्या गावात मात्र आहे तीच शाळा धरून सुधारावी, असं आमचं मत आहे.

बैठकीत विचारायचे प्रश्न

तरीही असा प्रस्ताव गावात आलाच, तर पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. एक, करार मराठीत आहे का आणि तो सगळ्यांना वाचता येईल असा शाळेच्या भिंतीवर लागणार का? दोन, पैसा कुणाचा, किती वर्षांचा, आणि संस्थेची देणगी आटली तर पगार कोण देणार? तीन, मुलं शिकली की नाही हे कोण तपासणार, संस्थाच की बाहेरचं कुणी? चार, दिव्यांग मुलं, मागे पडलेली मुलं, ऊसतोडीवरून वर्षाच्या मधेच परत आलेली मुलं, यांना जागा मिळणार का आणि त्यांना काढून टाकता येईल का? पाच, जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं कुठे जाणार?

हे विचारायला वेगळा अधिकार मागायला नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांना शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. बऱ्याच ठिकाणी या बायकांची सही घरी वही पाठवून घेतली जाते. मैत्रिणींनो, गटाचा ठराव वाचल्याशिवाय आपण सही करत नाही. शाळेच्या वहीवरही करू नका. समितीची पुढची बैठक कधी आहे ते उद्याच शाळेत जाऊन विचारा, एकट्या जाऊ नका, गटातल्या दोघी-तिघी मिळून जा, आणि तिथे काय ठरलं ते आपल्या गटाच्या बैठकीत येऊन सांगा.